दर पावसाळ्यात घरात साप निघतो: वाट कशी शोधली आणि कशी बुजवली

तिसऱ्या पावसाळ्यात सातवा साप निघाला. रात्री दोनच्या सुमारास मोरीत, बादलीच्या मागे. काळा, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. मण्यार. साप पकडणारा मुलगा येऊन त्याला बरणीत घालून घेऊन गेला, आईने देवासमोर दिवा लावला आणि मी पहाटेपर्यंत जागाच राहिलो. भीती होतीच. पण जास्त खात होता तो प्रश्न: आमच्याच घरात पुन्हा पुन्हा का?

आमचं घर बडोद्यात, समा भागात, विश्वामित्रीपासून पायी दहा मिनिटांवर. एकमजली टेनामेंट, मागे छोटा वाडा, वाड्यापलीकडे गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजलेला रिकामा प्लॉट. नदी पावागडच्या डोंगरातून निघते आणि ऐन वस्तीतून जाते. पावसाळ्यात आजवा तलावाचं पाणी सोडलं की फुगते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला होता, ऑगस्ट 2024 चा पूर तर सगळ्यांच्या लक्षात आहे. अशा वेळी मगरी रस्त्यावर येतात आणि त्यांचे व्हिडिओ गावभर फिरतात. बिळं बुडालेले साप कोरडी जागा शोधत घरात शिरतात, त्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही. म्हणून सुरुवातीला आम्हीही नदीच्या नावाने बोटं मोडली. पण समोरच्या ओळीतली घरं नदीला आमच्याइतकीच जवळ. तिथे तीन वर्षांत एकच धामण निघाली होती, आमच्याकडे सात साप. दोष सगळा नदीचा नव्हता.

आधी नोंद, मग उपाय

साप निघाला की आपण पकडणाऱ्याला फोन करतो, तो साप नेतो, आपण चहा पितो आणि प्रकरण मिटलं असं धरतो. आम्हीही सहा वेळा तेच केलं. सातव्यानंतर कालनिर्णयच्या पानामागे आठवून आठवून यादी केली: कोणता साप, कुठे, किती वाजता, आदल्या दिवशी पाऊस होता का.

यादी अशी निघाली. चार कवड्ये: दोन मोरीत, एक मागच्या दारात, एक निजायच्या खोलीच्या खिडकीवर. एक धामण वाड्यातल्या फरश्यांच्या थप्पीत. नागाचं वीतभर पिल्लू मागच्या ओट्यावरच्या बुटात. आणि हा मण्यार. सगळे जूनअखेर ते सप्टेंबर या काळातले, धामण सोडून सगळे अंधार पडल्यावरचे, आणि सातही घराच्या मागच्या बाजूचे. पुढच्या अंगणात एकही नाही.

यादीत माझी खरी चूक दिसली. कवड्या बिनविषारी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून दरवेळी ‘अरे कवड्याच आहे’ म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकत होतो. कवड्या पाली खायला येतो. मण्याराच्या खाण्यात इतर साप असतात, आणि कवड्या त्यातलाच. म्हणजे बिनविषारी साप चारदा येऊन सांगून गेला होता की इथे वाट उघडी आहे आणि खाणंही आहे. पाचव्याची वाट पाहण्यात शहाणपण नव्हतं. तुमच्या घरी वर्षात दोनदा कवड्या निघाला असेल, तर तीच तक्रार मोठी धरा.

या दोघांत गोंधळही फार होतो. मण्याराचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ होत गेलेले. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेकडे ठसठशीत आणि शेपटीकडे पुसट. हे लांबून बॅटरीच्या उजेडात ताडण्यापुरतं. खात्री करायला वाकू नका, आणि संशय असेल तर मण्यारच धरा.

रांगोळीची परीक्षा

वाट शोधायला मी काही विकत आणलं नाही. आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेतली आणि रात्री झोपण्यापूर्वी मागच्या दाराच्या फटीसमोर, मोरीच्या जाळीभोवती, एसीच्या पाइपच्या भोकाखाली आणि चेंबरच्या झाकणाभोवती पातळ थर पसरला. पीठ वापरू नका, उंदरांना मेजवानी होते. जागा कोरडी हवी, म्हणून दोन दिवसांची उघडीप पाहून केलं.

पहिल्याच सकाळी फटीपाशी उंदराची बारीक पावलं, येण्याची आणि जाण्याचीही. चेंबरपाशी घुशीचा गोंधळ. चौथ्या रात्री मोरीच्या जाळीकडून भिंतीच्या कडेने गेलेली नागमोडी रेघ. साप दिसला नाही, पण त्याचा रस्ता दिसला, आणि मला तोच हवा होता.

पुढचे दोन रविवार मी घराच्या मागे उंदराच्या नजरेने पाहत फिरलो. जे सापडलं ते असं.

ओट्यावर आई रोज सकाळी चिमण्या-कबुतरांना बाजरी टाकते. बडोद्यात हे पुण्यकर्म दारोदारी चालतं, माझी हरकत नाही. पण उरलेले दाणे रात्रभर तिथेच असायचे. त्यावर उंदीर, उंदरांवर धामण आणि नाग.

मागच्या दारावर पांढरी ट्यूबलाइट रात्रभर चालू. साप दिसावा म्हणूनच लावलेली! तिच्यावर किडे, किड्यांवर पाली, पालींवर कवड्या, कवड्यावर मण्यार. सापाला घाबरून आम्ही त्याच्या ताटाची सोय करून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी फरशी बदलली तेव्हा उरलेल्या फरश्या आणि विटा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, ‘लागतील कधी’ म्हणून. कधीच लागल्या नाहीत. आणि त्याच कामात मागच्या दाराचा उंबरठा काढला होता, आईच्या गुडघ्याला त्रास नको म्हणून. दाराखाली बोटभर फट राहिली. बोटभर फट कवड्याला ऐसपैस पुरते, मण्यारालाही पुरते.

खिडकीवरच्या कवड्याचं उत्तर मधुमालतीत मिळालं. वेल जमिनीपासून निजायच्या खोलीच्या गजांपर्यंत चढलेली. कवड्या खडबडीत भिंतही चढतो. वेल म्हणजे त्याला जिनाच.

मोरीत दोन दोष निघाले. नहाणी ट्रॅपवरची (मोरीच्या भोकाखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) प्लास्टिकची जाळी नुसती ठेवलेली, खालून ढकलली की उचलली जाणारी. आणि मागच्या न्हाणीघरात कोणी आंघोळच करत नसल्याने ट्रॅपमधलं पाणी आटलेलं. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळांसारखे किडे खाली अडून राहतात. ट्रॅप कोरडा पडला की घर थेट चेंबरला जोडलं गेलं. चेंबरचं झाकण टेम्पोच्या चाकाखाली आधीच तडकलेलं होतं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा. आधी भोकं बुजवली आणि साप आतच राहिला, तर तो घरातून वाट शोधतो. म्हणून पहिल्यांदा खाणं बंद केलं, मग आडोसा हलवला, आणि रांगोळीवर चार रात्री बाहेरून आत गेलेली रेघ दिसली नाही तेव्हाच सिमेंट कालवलं. जमलं तर हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकावं. आमचं सप्टेंबरात झालं, कारण अक्कल सप्टेंबरात आली.

बाजरी आता परातीत जाते आणि दहा वाजता परात आत येते. उंदरांसाठी पिंजरे लावले. विषाची वडी टाळली: उंदीर भिंतीत मरून पडतात. चिकटपट्टीच्या पुठ्ठ्याचंही ऐकू नका. त्यावर साप चिकटतो, आणि मग चिडलेला साप सोडवायचा कोणी?

ट्यूबलाइट काढून पिवळ्या उजेडाचा एलईडी लावला, तोही दारावर नाही, वाड्याच्या टोकाच्या खांबावर. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात. आठवड्याभरात दारावरच्या पाली पांगल्या.

फरश्या भंगारवाल्याने नेल्या नाहीत, फुकट देतो म्हटल्यावर नेल्या. जळणाची लाकडं, कुंड्या किंवा पत्रे ठेवणं भागच असेल, तर भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच घोडीवर ठेवा, म्हणजे खाली काय आहे ते दिसतं. आणि थप्पी उचलताना हात घालायचा नाही. काठीने एकेक फरशी आपल्या बाजूला उलटायची.

मधुमालती खिडकीपासून खाली छाटली. आई दोन दिवस बोलली नाही.

उंबरठा पुन्हा बसवला, पण उताराचा, म्हणजे गुडघा वाचतो. वर दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी. पट्टी बसवल्यावर खोलीत अंधार करून बाहेरून बॅटरी मारली. जिथून उजेड आत येतो तिथून सापाचं पिल्लूही येऊ शकतं. दोन्ही कोपऱ्यांत अजून उजेड होता, तिथे पट्टी वळवून घेतली. बहुतेकांची पट्टी कोपऱ्यातच फसते.

एसीच्या भोकात दुकानदाराने फोमची फवारणी सुचवली. उंदीर ती महिन्यात कुरतडतात. बारीक तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट, एवढंच टिकतं. नहाणी ट्रॅपवर स्टीलची, स्क्रूने घट्ट होणारी जाळी बसवली. भोकं मटारच्या दाण्याहून लहान हवीत. न वापरत्या न्हाणीघरात दर रविवारी एक तांब्या पाणी ओतायचं, हे फ्रिजवर लिहून चिकटवलंय. चेंबरचं झाकण नवीन. छपराच्या पन्हळीच्या तोंडालाही जाळी.

सगळा खर्च तीन हजारांच्या आत. आधीच्या दोन वर्षांत फिनाइल आणि पावडरींवर त्याहून जास्त गेले असतील.

त्याबद्दलही सांगतो, कारण वेळ तिथेच सर्वांत जास्त वाया जातो. कार्बोलिक पावडर, गंधक, डांबराच्या गोळ्या, लसणाचं पाणी, भिंतीत खोचायचं ‘साप पळवणारं’ यंत्र, एक विशिष्ट रोप लावलं की साप येत नाही ही समजूत. यातलं जवळजवळ सगळं आमच्याकडे होतं आणि साप येतच होते. कार्बोलिकने मात्र आमच्या मांजरीचे पंजे भाजले. एका वर्षी डांबराच्या गोळ्यांच्या ओळीवरून कवड्या शांतपणे गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नाग, घोणस, फुरसे

माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे कोरड्या, दगडधोंड्यांच्या मुलखात जास्त. त्याच्याशी माझा परिचय नाही. घोणस शेताच्या बांधावर, गवतात आणि पालापाचोळ्यात पडून असते. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांब. गुजराती शेजारी तिला खडचितळो म्हणतात, मण्याराला काळोतरो. ही नावं माहीत असू द्या, कारण रात्री धावत येणारा माणूस कोणत्या भाषेत ओरडेल सांगता येत नाही.

बुटातल्या पिल्लाबद्दल कोणी म्हणालं, पिल्लाला काय विष असणार. असतं. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच विष घेऊन, आणि अंडी साधारण जून-जुलैत फुटतात. पावसाच्या सुरुवातीला बूट झटकून, उलटा आपटूनच पाय घालायचा. आमच्या ओट्यावर आता बूट लटकलेले असतात, एकेका खिळ्याला.

नागपंचमीची एक गंमत. आपली श्रावण शुद्ध पंचमीला, गुजरात्यांची श्रावण वद्य पंचमीला, म्हणून बडोद्याच्या मराठी घरात पंधरा दिवसांत दोनदा नागाची आठवण होते. खणू नये, चिरू नये हे आजी सांगायची. सापांचा ऐन हंगाम पाहता जमिनीला हात न लावणं वाईट नाही. दूध मात्र पाजू नका. साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याने उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून पितो.

मण्यार आणि जमिनीवरचं अंथरूण

मण्यार माणसाच्या मागे लागत नाही. रात्री फिरताना अंथरुणात शिरतो, झोपलेल्याने कूस बदलली की चावतो. दंश बहुधा दुखत नाही, सूज नाही, खूण मुंगी चावल्याइतकी किंवा तीही नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा, घसा जड, पापण्या उचलत नाहीत, जीभ बोबडी. घरातले ‘काल बाहेरचं खाल्लं’ म्हणून ओवा-लिंबू देतात, आणि तेवढ्यात श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि डोळे मिटत असतील, तर पित्त समजू नका. रुग्णालय गाठा.

उपाय साधा आहे: खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचा. पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका. सोसायटीचा वॉचमन फाटकापाशी गोणपाटावर झोपायचा. त्याला आम्ही वर्गणी काढून खाटलं आणि मच्छरदाणी दिली. सापांवर खर्च केलेल्या पैशांपैकी तोच सर्वांत चांगला लागला असं मला वाटतं. रात्री मोरीत जाताना दिवा आधी, पाय नंतर.

घरात दिसलाच तर

मुलं आणि मांजर-कुत्रं बाहेर. एकजण लांबून त्याच्यावर नजर ठेवतो, दुसरा फोन करतो. नजर सुटली की साप कपाटाखाली जातो आणि मग रात्रभर कोणी झोपत नाही. खोलीचं दार लावून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा. झाडूने ढकलायचं नाही, फवारा मारायचा नाही, मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही. वनविभागाच्या ओळखीतल्या साप पकडणाऱ्याचा नंबर जूनआधीच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय मारायला जाणाऱ्यालाच दंश होण्याची शक्यता जास्त.

चावलाच तर

बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. घट्ट दोरीने विष थांबत नाही, हात मात्र काळा पडतो. आणि दोरी सोडली की विष एकदम अंगात उतरतं. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढली की निघत नाहीत. चावलेला पाय किंवा हात लाकडी पट्टीला सैल बांधून, मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका. 108 बोलवा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा. वेळ घड्याळात पाहून लिहा. ॲस्पिरिनसारखी दुखण्याची गोळी देऊ नका. वाटेत भुवा किंवा मंतर घालणारा गाठायचा नाही. साप मारून न्यायची गरज नाही; लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तसंच चला.

भारतात मिळणारी सर्पदंशावरची लस (अँटिव्हेनम) वरच्या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते, म्हणून नाव कळलं नाही तरी उपचार अडत नाही. ती घोड्याच्या रक्तद्रवातून बनते, त्यामुळे काहींना तीव्र रिॲक्शन येते. म्हणूनच ती घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात घ्यायची नसते. सुरुवात बहुधा 8 ते 10 कुप्यांनी होते. रुग्णालयात थोडं रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय असं समजतात. नाग आणि मण्यार मात्र नसांवर जातात, तिथे व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून लस आणि अतिदक्षता विभाग दोन्ही असलेली जागा उन्हाळ्यातच विचारून ठेवा. आमच्यासाठी ती सयाजी हॉस्पिटल आहे; रात्रीच्या रहदारीत किती वेळ लागतो ते मी एकदा स्कूटरवर जाऊन पाहिलं, अठरा मिनिटं. खूण दिसली नाही आणि त्रासही नाही, तरी चोवीस तास देखरेखीखाली राहायचं.

यंदाचा हिशेब

कालनिर्णयमागची यादी चालू आहे. या पावसाळ्यात आत साप निघालेला नाही. रांगोळी मी अजून टाकतो, उघडीप असेल तेव्हा. गेल्या महिन्यात एका सकाळी मागच्या दारासमोर नागमोडी रेघ होती: रबरी पट्टीपर्यंत आलेली, तिला समांतर हातभर गेलेली, आणि मग कंपाउंडच्या भिंतीकडे वळलेली. आईने ती पाहिली आणि त्या दिवशी तिथे वेगळी रांगोळी काढली नाही. चेंबरचं झाकण मात्र पुन्हा तडकलंय, त्याच टेम्पोने. रविवारी कडिया (गवंडी) येतोय.